कॉर्पोरेट टॅक्स कमी केला की इकॉनॉमी वाढते? हा दावा तपासायचा कसा

कॉर्पोरेट टॅक्स, म्हणजे कंपनीच्या नफ्यावरचा टॅक्स, कमी करा, कंपन्या धावत येतील, नोकऱ्याच नोकऱ्या, असं कोणी म्हणालं की लगेच मान डोलवू नका, लगेच भांडूही नका. आधी विचारा, कुठला रेट म्हणताय? कागदावरचा रेट आणि कंपनी खरंच भरते तो रेट यात सवलती, जुना तोटा, घसारा (मशीन झिजतं त्यापोटी दरवर्षी मिळणारी वजावट) यामुळे बराच फरक पडतो, त्यामुळे बातमीतला आकडा सोडा आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालात नफ्यातला किती टक्के टॅक्समध्ये गेला ते बघा.

मग जीडीपी, म्हणजे देशाचं वर्षभराचं एकूण उत्पादन. इथे सगळ्यात जास्त लोक गंडतात, कारण या वादात आयर्लंड येतंच येतं, 12.5 टक्के रेट, गुगल आणि ॲपलची युरोपातली मुख्य ऑफिसं तिथे, आणि 2015 ची जीडीपी वाढ जाहीर झाली तब्बल 26 टक्के. एका वर्षात! आता एवढे कारखाने वर्षभरात उभे राहतात का हो? मोठ्या कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिकडे हलवली आणि आकडा फुगला. शेवटी 2017 पासून तिथल्या सांख्यिकी खात्यानेच हा फुगवटा वगळून सुधारित जीएनआय (जीएनआय म्हणजे देशाचं एकूण राष्ट्रीय उत्पन्न) नावाचा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली, आयर्लंडचं उदाहरण कोणी दिलं तर तोच मागा. नोकऱ्या तिथे खऱ्याच आल्या, ते नाकारायचं कारण नाही, पण युरोपियन युनियनचं मार्केट, इंग्रजी आणि शिकलेली माणसं पण होती ना, नुसता रेट कॉपी करून ते मिळत नाही. शिवाय त्यांच्या कॉर्पोरेट टॅक्समधला निम्म्याहून जास्त पैसा अलीकडे जेमतेम दहा कंपन्यांकडून येतो, म्हणजे दोघं-तिघं उठून गेले की बजेट लंगडं.

आता मुख्य गोष्ट, वाचलेला पैसा जातो कुठे. समजा कंपनीला 100 रुपये नफा झाला आणि टॅक्स 30 चा 20 झाला. ते 10 रुपये नवीन मशीन घेतलं तरच मिळतात असं काही नाही, पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या मशीनच्या नफ्यावरही मिळतात, म्हणजे जे होऊन गेलंय त्याचं बक्षीस! त्यापेक्षा नवीन मशीनचा पूर्ण खर्च पहिल्याच वर्षी टॅक्स लागणाऱ्या नफ्यातून वजा करू दिला तर सवलत फक्त नव्या गुंतवणुकीला मिळते, मला तरी हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेने 2018 पासून दोन्ही एकदम केलं, रेट 35 वरून 21 आणि मशिनरीचा पूर्ण खर्च लगेच वजा, गुंतवणूक वाढली पण, फक्त त्याचं सगळं श्रेय रेटला देऊ नका. त्याच वर्षी शेअर बायबॅकचा, म्हणजे कंपन्यांनी स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याचा, विक्रम झाला आणि कॉर्पोरेट टॅक्सची वसुली सुमारे 297 अब्ज डॉलरवरून 205 अब्जावर आली. ब्रिटन उलट बाजूने आलं, 2010 ला 28 असलेला रेट 2017 पर्यंत 19 केला, गुंतवणूक काही उसळली नाही (मध्येच ब्रेक्झिटचा घोळ होता हेही धरा), आणि 2023 ला रेट 25 वर नेताना मशिनरीचा पूर्ण खर्च वजा करायची सोय दिली.

आधी-नंतरची तुलना करताना मध्ये काय घडलं तेही बघायचं. भारताने सप्टेंबर 2019 मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना 22 टक्के आणि नवीन उत्पादन कंपन्यांना 15 टक्के रेट दिला, सहा महिन्यांत कोविड आलं, त्यामुळे 2020 चे आकडे दाखवून कोणी काहीही सिद्ध करत असेल तर सोडून द्या. आणि मागणीच नसेल तर टॅक्स शून्य केला तरी कोण कशाला कारखाना टाकेल.

अजून एक, आता कोणी 10 टक्के करा म्हणालं तर 15 टक्क्यांचा जागतिक किमान टॅक्स आठवा. 75 कोटी युरोंच्या वर उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय ग्रुपने एका देशात 15 पेक्षा कमी भरला तर नियम लागू केलेला दुसरा देश उरलेला फरक वसूल करू शकतो, म्हणजे सवलत तुम्ही द्यायची आणि पैसे दुसऱ्याच्या तिजोरीत.