घट्ट पेज पातळ करणारं मोडाचं पीठ

बाळ सहा महिन्यांचं होऊन वरचं खाणं सुरू झालं की घरोघरी एकच रड: पेज घट्ट केली तर पोर गिळत नाही आणि पाणी वाढवलं तर एवढ्याशा पोटात नुसतं पाणीच जातं. कराडला मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. शेजारपाजारच्या सुना विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना मोड आलेल्या नाचणीचं पीठ करायला सांगते. विकरं, म्हणजे एन्झाइम, नेमकं काय करतात हे फळ्यापेक्षा पातेल्यात जास्त चांगलं दिसतं.

वाटीभर नाचणी तीन-चार पाण्यांत धुवा, रात्रभर भिजवा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. फडकं सुकू देऊ नका. दीड-दोन दिवसांत मोड येतात. आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. मोड दाण्यापेक्षा जरा लांब झाले की उन्हात कडकडीत वाळवा, चोळून मुळं झाडून टाका आणि दळा. गहूही चालतो. ज्वारी मात्र नको. तिच्या कोंबांत धुरिन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे माण-खटावच्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि मोडाचे दाणे खरपूस भाजू नका. बाजारातलं खमंग भाजलेलं सत्त्व चवीला छान असेल, पण या कामाला ते निरुपयोगी.

आता तांदूळ-मूगडाळीच्या पिठाची पेज चमचा उभा राहील इतकी घट्ट शिजवा आणि खाली उतरवा. उकळत्या पेजेत मोडाचं पीठ टाकलं तर फुकट जाईल. बोट क्षणभरच टेकवता येईल इतपत निवू द्या, म्हणजे साधारण 60 अंश सेल्सिअस. मग लहान चमचाभर पीठ घालून ढवळत राहा. आधी काहीच वाटत नाही. थोड्या वेळानं चमचा हलका फिरायला लागतो, कडेच्या गुठळ्या सुटतात, आणि बघता बघता तीच पेज चमच्यावरून धारेनं पडायला लागते. पाणी थेंबभरही वाढवलेलं नसतं!

पातळ झाली की पुन्हा एक उकळी द्याच. मोडाचं पीठ कच्चं असतं, ओल्या फडक्यात जंतूही वाढलेले असतात. उकळीनं विकर निकामी होतं, पण पेज परत घट्ट होत नाही.

कारण स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. शिजताना त्या पाणी धरून फुगतात, एकमेकींत अडकतात. घट्टपणा येतो तो त्यामुळे. तृणधान्याचा दाणा भिजला की आतला अंकुर जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो. ते पोचलं की सालीखालचा थर अमायलेज हे स्टार्च तोडणारं विकर बनवू लागतो, कारण वाढत्या कोंबाला साठवणीतला स्टार्च साखर होऊनच मिळायला हवा. 1833 मध्ये पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूच्या अर्कातून हेच वेगळं काढलं आणि त्याला डायस्टेज म्हटलं.

अमायलेज स्वतः प्रथिन असतं. त्याच्या घडीत एक खोबण असते. साखळी तिथे बसते, पाण्याचा रेणू वापरून जोड तुटतो, तुकडे सुटतात, आणि विकर जसंच्या तसं पुढच्या जोडाला भिडतं. म्हणून तर चमचाभर पीठ पातेलंभर पेजेला पुरतं. खोबण स्टार्चच्या मापाची, त्यामुळे डाळीतल्या प्रथिनाला त्याचा हात लागत नाही. उकळलं की घडी विस्कटते, खोबणच उरत नाही, मग निववून उपयोग नाही. फ्रिजमध्ये मात्र ते नुसतं मंदावतं.

खात्री करायची असेल तर पीठ घालण्याआधीच्या आणि नंतरच्या पेजेचा एकेक ठिपका बशीत घ्या, थोडं पाणी घाला आणि बीटाडीनचा, म्हणजे जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचा, थेंब सोडा. आयोडीननं अखंड स्टार्च निळा-काळा होतो. पहिला निळा-काळा होतो, दुसरा जांभळट किंवा तांबूस. बशीतलं टाकून द्या, बाळाला भरवू नका. आपल्या लाळेतही अमायलेज असतंच. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो तो त्यामुळेच.

पेज अशी पातळ होते म्हटल्यावर पुढच्या वेळी तेवढ्याच पाण्यात पीठ थोडं जास्त शिजवा. मोडाचं पीठ घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, एका वेळी थोडंच करा. पेज पूर्वीसारखी सैल होईनाशी झाली, तर चमचे वाढवत बसू नका. पुन्हा नाचणी भिजत घाला.