वर्ग कलादालनात नेण्याआधी

आधी एकटे जाऊन या. चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाचं वस्तुसंग्रहालय आहे. पण इतिहासाच्या सरांखेरीज तिकडे वर्ग घेऊन कोणी फारसं फिरकत नाही. ही तयारी खरं तर केमिस्ट्रीच्या मॅडम आणि कॉमर्सच्या सरांसाठीच आहे.

पहिल्या खेपेला सगळं बघत बसू नका. वर्ग अर्धा तास जिच्यासमोर टिकेल अशी एकच वस्तू ठरवा. मूस (१९१२-१९८९) यांची टेबलटॉप छायाचित्रं त्यासाठी उत्तम. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून उभा केलेला देखावा आपल्याला खरा का वाटतो? फिजिक्सचा तास इथूनच सुरू होतो. वस्तू जवळ असली की मागचं-पुढचं धूसर होतं. ते स्पष्ट यावं म्हणून भिंगाचं छिद्र लहान करायचं, मग उजेड कमी पडतो म्हणून जास्त वेळ द्यायचा. केमिस्ट्रीला फिल्मवरचं सिल्व्हर ब्रोमाइड, चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते पक्कं करणारा हायपो. प्रयोगशाळेत हायपो हाताळलेल्या मुलांना तो इथे काय काम करतो ते सांगता यायला हवं. कॉमर्सला विचारा, जी वस्तू पुन्हा बनणार नाही तिचा विमा किती रुपयांचा उतरवायचा? धुळ्याला गेलात तर भूगोलाच्या मुलांना मूर्तीचा दगड ओळखायला लावा. बेसाल्ट निघाला, तर दख्खनच्या लाव्ह्याची साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट समोरच उभी आहे.

पंजाब मेलने यायची होती पण आलीच नाही, त्या प्रेयसीची मूस आयुष्यभर वाट बघत राहिले असं सांगतात; ती कथा गाडीतच सांगून मोकळे व्हा. नाहीतर मुलं तेवढीच घेऊन परततात आणि फोटो राहतात बाजूला.

प्रश्न तीनच असू द्या, आणि पाटी वाचून उत्तर सापडेल असा एकही नको. पहिली फेरी अहिराणीत होऊ द्या: ‘तुले काय दिसस?’ एरवी गप्प बसणारी पोरं इथे बोलतात. पारिभाषिक शब्द नंतर.

पत्र प्राचार्यांच्या सहीचं हवं. वेळ, सुट्टी, शुल्क आणि फोटोची परवानगी फोनवर विचारून घ्या. एका वेळी पंधराच मुलं आत. बाकीच्यांना बाहेर लिहायला काम द्या, मोबाइल नको. पेन बंद, पेन्सिल चालू. दप्तरं दाराशी, फ्लॅश नाही, काचेवर बोट नाही. एप्रिल-मेचा विचारही करू नका, आपल्याकडचं ऊन ठाऊक आहेच, डिसेंबर-जानेवारी बरा. धुळ्याहून चाळीसगावला रेल्वे आहे, पण परतीची वेळ आधी बघा. जेवणाचं ठरलेलं नसेल तर अकरापासूनच भरिताची चर्चा सुरू होते, हेही ध्यानात ठेवा.

आणि गुण. अंतर्गत मूल्यमापनात या भेटीला जागा नसेल, तर ती सहलच होते. ‘मला खूप आवडलं’ छापाचा अहवाल घेऊ नका. ठरवलेल्या वस्तूबद्दल एक पान मागा: काय दिसलं, त्यावरून काय ताडलं, ते पडताळायचं कसं. आठवड्याच्या आत पानं जमा करा आणि त्यातली चांगली संग्रहालयाला पाठवा. पुढच्या वर्षी परवानगी मागायला तीच उपयोगी पडतील.