उभयचर दलासाठी तोफ निवडताना: आधी गोळे मोजा

उभयचर कारवाईसाठी, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी, तोफा निवडण्याचा अभ्यास हाती घेतला की नवखा सगळ्यात आधी पल्ल्याचा रकाना बघतो. तो शेवटी बघा. पहिला प्रश्न असा, की जहाजापासून गन पोझिशनपर्यंत, म्हणजे तोफ डागायच्या जागेपर्यंत, तोफ आणि तिचे गोळे कशाने जाणार आणि किती फेऱ्यांत?

यासाठी १९८२चं फॉकलंड युद्ध घ्या. ब्रिटिशांनी २१ मेपासून सॅन कार्लोसला सैन्य उतरवलं. त्यांच्याकडे १०५ मिमी लाइट गनच्या पाच बॅटऱ्या, म्हणजे ३० तोफा होत्या. एका तोफेचं वजन १,८५८ किलो, पल्ला १७.२ किमी. रस्ते जवळपास नव्हतेच, त्यामुळे सी किंग हेलिकॉप्टरला लटकवून नेता येते हाच तिचा मोठा गुण ठरला. २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं, जहाजाबरोबर तीन चिनूक ही जड वजन उचलणारी हेलिकॉप्टरं गेली, आणि हेलिकॉप्टरची एकेक फेरी मोलाची झाली. गूस ग्रीनच्या लढाईत २ पॅरा या ब्रिटिश छत्रीधारी बटालियनच्या मदतीला तीनच तोफा पुढे नेता आल्या.

हिशोब स्वतः मांडून बघा. सहा तोफा, तोफेमागे ३०० गोळे. वेष्टनासकट एक राउंड २० किलोचा धरला तर ३६ टन. एका फेरीत अडीच टन गेले तर गोळ्यांनाच १५ फेऱ्या, तोफांना सहा, वर माणसं, साइट्स (नेम लावायची उपकरणं), रेडिओ, पाणी. आता तेच ३६ टन १५५ मिमीला द्या. तिचा नुसता गोळा ४३ ते ४७ किलोचा, चार्ज, म्हणजे गोळा फेकणारी दारू, वेगळा. १,८०० ऐवजी जेमतेम ७०० राउंड पोहोचतात. मोठी तोफ निवडताना हीच किंमत मोजायची असते.

एम७७७ ही १५५ मिमीची हलकी तोफ चांगली आहे यात वाद नाही. टायटॅनियममुळे ती साधारण ४,२०० किलोवर आली. भारताने १४५ घेतल्या आणि आपलं चिनूक ती उचलतं. पण सी किंगच्या आवाक्यात ती नाही. म्हणजे जहाजावर कोणतं हेलिकॉप्टर आहे, ते ठरल्याशिवाय तोफ ठरत नाही.

उलटी चूकही होते. अमेरिकन मरीन्सनी ऑस्प्रे या हेलिकॉप्टरसारखं उभं उतरणाऱ्या विमानाच्या पोटात मावेल अशी १२० मिमी उखळी तोफ आणि तिला ओढणारी चिंचोळी, बिनचिलखती गाडी घेतली. विमानाच्या पोटाच्या मापाने सगळं ठरवलं. साध्या गोळ्याचा पल्ला ८ किमीच्या आसपास राहिला आणि काही वर्षांत ती सेवेतून गेली. २०२०च्या आराखड्यात त्यांनी तोफांच्या बॅटऱ्या २१वरून ५वर आणायचं ठरवून रॉकेटांवर भर दिला. हायमार्स हा ट्रकवरचा रॉकेट लाँचर लांब मारतो, चटकन जागा सोडतो; पण एका पॉडमध्ये (रॉकेटांच्या पेटीत) सहा रॉकेटं, आणि त्याच्या जीएमएलआरएस या दिशादर्शित रॉकेटाचा किमान पल्लाच १५ किमी. समोरच्या टेकडीवर चढणाऱ्या पायदळाला त्याचा काय उपयोग?

‘जहाजाच्या तोफा आहेतच की,’ हे उत्तर तोंडावर येईल. गूस ग्रीनच्या रात्री ‘एचएमएस ॲरो’ची तोफ ऐन वेळी अडकली. १२ जूनच्या पहाटे, किनाऱ्यावर मारा करून परतणाऱ्या ‘ग्लॅमॉर्गन’ या युद्धनौकेला जमिनीवरून सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र लागलं. जहाजाचा मारा वरकड समजा.

जमीनही तपासा. फॉकलंडच्या ओल्या पीटमध्ये (कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ जमिनीत) तोफा मोठ्या चार्जला मागे सरकत, ट्रेल (तोफेचे मागचे टेकू) रुतत, पुन्हा नेम लावावा लागे. शिवाय आपटून फुटणारा गोळा चिखलात घुसला की तुकडे तिथेच जिरतात. म्हणून गोळ्यांची संख्या लिहिताना फ्यूजचं, म्हणजे गोळा कधी फुटायचा ते ठरवणाऱ्या भागाच्या प्रकारांचं, प्रमाणही लिहा. अशा जमिनीवर हवेत फुटणारे जास्त लागतात.

शेवटी जहाजात सामान भरण्याचा क्रम. आधी उतरायचं ते शेवटी चढवायचं. ओढणारी गाडी तोफेच्या मागच्या नावेत असेल, तर तोफ भरतीच्या पाण्यात उभी राहते. हेलिकॉप्टरने नेताना आधी टेहळणीची तुकडी, मग तोफ, माणसं आणि पहिले गोळे एकाच खेपेत. साइट्सची पेटी दुसऱ्या खेपेत गेली, तर पोहोचलेली तोफ नुसतं वजन असते.