गंजलेली मॅटॅडोर शेडमध्ये घेतलीय? रंगाच्या आधी या चुका टाळा

पुण्यात जुनी व्हॅन म्हटलं की आधी मॅटॅडोर आठवते. घराणं जर्मनीच्या टेम्पो कंपनीचं, पण आकुर्डीच्या बजाज टेम्पोने १९६९ पासून ती इथे बनवली आणि ती इथलीच झाली. शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, मंडळाच्या मिरवणुकीतला जनरेटर, सगळं तिने वाहिलं. आता त्यातली एखादी शेताच्या बांधावर चिंचेखाली उभी असते आणि कुणीतरी तिला हौसेने घरी आणतं. ही हौस मला फार मोलाची वाटते. म्हणूनच ती अर्ध्यावर मोडलेली पाहिली की वाईट वाटतं.

काही गाड्या खोलून तशाच पडून राहतात. काही झकास रंगून बाहेर पडतात आणि पुढच्याच पावसाळ्यात रंगाखालून तांबूस फोड वर येतात. अशा फोडांमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: गंज हा रंगाचा प्रश्न आहे असं समजून काम झालेलं असतं. खरं तर तो पाण्याचा प्रश्न आहे.

पाणी कुठून शिरतं ते न शोधता ग्राइंडर लावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. पत्र्याला भोक पडलेलं दिसतं ती जागा शेवटची असते. गंजाची सुरुवात दुसरीकडे, बहुधा वर आणि आतून झालेली असते. छताच्या पन्हळीतलं सिलंट तडकतं, पाणी खांबाच्या आतून उतरतं आणि पायदानाच्या पोकळीत साठतं. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डमागून फरशीवर येतं आणि मॅटखाली महिनोन्महिने बसून राहतं. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. ती माती आणि जुन्या रंगाने बुजली की दार खालून कुजतं. चाकावरच्या कमानीत आपल्याकडची काळी माती एकदा चिकटली की ती ओल धरूनच ठेवते.

म्हणून काहीही कापण्याआधी सीट, मॅट, आतले पॅनल काढा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने पाइपने पाणी मारायचं. सुरुवात खालून करा आणि हळूहळू वर जा. वरून सुरू केलं तर सगळीकडूनच पाणी येताना दिसतं आणि नेमकी जागा कळत नाही. जिथून थेंब आला तिथे खडूने खूण करा. गाडी पूर्ण सुकू द्या. मग जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन तळ, पायदानं आणि खांबांचे बुंधे टोचत जा. चांगला पत्रा खणखणीत लागतो, कुजलेला दबतो. दोन पत्रे एकमेकांवर येतात तो जोड फुगलेला दिसला, तर आत गंज आहे हे नक्की समजा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि तो पत्रे फाकवतो. असा जोड वरून घासून सुधारत नाही. तो उघडावाच लागतो.

शेड आहे म्हणजे कोरडं आहे, असं धरून चालणं

पत्र्याच्या शेडमध्ये पावसाचं पाणी पडत नाही, पण जुलै-ऑगस्टमधली हवाच ओली असते. शेडची जमीन मातीची असेल तर खालूनही वाफ येते. त्यावर ताडपत्री घट्ट गुंडाळली की आतली ओल आतच राहते. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा, गाडी उचलून ठेवा, ताडपत्री घालायचीच असेल तर बाजूंनी हवा खेळू द्या.

पुण्यात हे काम ऋतू बघूनच आखावं, असं माझं ठाम मत आहे. जून ते सप्टेंबर खोलाखोली, सुटे भाग साफ करणं, वायरिंग, इंजिन. पत्रा उघडा करणं, वेल्डिंग आणि प्रायमर दिवाळीनंतर. थंडीत पहाटे दव पडतं आणि गार पत्र्याला घाम सुटतो, तेव्हा प्रायमर दुपारी, पत्रा हाताला कोमट लागल्यावर मारा. एप्रिल-मेच्या कडक उन्हात थिनर फार लवकर उडतो आणि रंग खरखरीत बसतो.

बाथरूमचं ॲसिड

गंज पटकन निघतो म्हणून बरेच जण हे वापरतात. कृपया वापरू नका. त्याची वाफ शेडमधल्या बाकीच्या उघड्या लोखंडालाही गंज चढवते, हत्यारंसुद्धा सुटत नाहीत. जोडांत राहिलेलं क्लोराइड रंगाखाली वर्षानुवर्षं काम करत राहतं. छोट्या भागांसाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबाचं फूल पुरतं: लिटरभर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रशने घासा, धुवा, लगेच सुकवा आणि तेल किंवा प्रायमर लावा. मोठ्या कंसांना आणि पट्ट्यांना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रॉलिसिस उत्तम चालतं. चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेस स्टीलची पट्टी लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. या कामात हायड्रोजन निघतो, म्हणून ते दारं उघडी ठेवून किंवा बाहेर करा. पाटे आणि इतर स्प्रिंग यात घालू नका, ते ठिसूळ होऊ शकतात.

चासीचं सँडब्लास्टिंग भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात करून मिळतं आणि ते जरूर करा. पण छत, दारं, बाजूचे सपाट पत्रे जाड वाळू आणि जास्त दाबाखाली दिले तर पत्र्याला कायमची लाट येते. तिथे रसायनाने रंग काढलेला बरा. ब्लास्ट झालेल्या चासीला त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. ती रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी पिवळसर झाक दिसते आणि पुन्हा घासावं लागतं.

आधार न देता पायदान कापणं

काम झाल्यावर दार बसत नाही, वरून घासतं आणि खालून फट राहते, अशी तक्रार नेहमीची. पायदान आणि खांबाचा बुंधा कापताना आत चौकोनी नळीचे आधार वेल्ड केलेले नसतात, त्यामुळे बॉडी खाली बसते. आधी आधार द्या, दारांच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवा, एका वेळी एकच बाजू कापा आणि टाके मारल्यावर दार लावून पाहा. फट बिघडलेली दिसली तर त्याच वेळी टाका तोडून सरळ करता येतं. पूर्ण वेल्ड झाल्यावर फार काही उरत नाही.

पातळ पत्र्याला साधं आर्क वेल्डिंग भोकं पाडतं. गॅरेजवाले ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते, ०.८ मिलिमीटरच्या तारेने, हेच योग्य. सलग रेघ ओढू नका. दोन-तीन सेंटिमीटरवर एकेक टाका, मग दुसऱ्या टोकाला जा, पहिली जागा गार होऊ द्या. पॅचसाठी सीआर, म्हणजे जस्त न चढवलेला कोल्ड रोल्ड पत्रा घ्या. जीआय पत्र्यावरचा जस्ताचा थर जळला की त्या धुराने ताप भरतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा आणि इंधनाची टाकी गाडीतून उतरवून शेडच्या बाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ असते. गळणाऱ्या टाकीला घरी वेल्ड करण्याचा विचारही करू नका.

लांबीने भोक बुजवणं आणि गंजावर काळं कोटिंग

लांबी, म्हणजे पत्र्यावर भरायची पुट्टी, पाणी शोषते. मागे पत्रा नसेल तर ती मागून ओल ओढते आणि वर्षभरात फुगून सुटते. ती पत्र्याची उंच-सखल भरायला आहे, तीही तीनेक मिलिमीटरपर्यंतच. रंगाला गोल फोड आले असतील तर एक फोडून बघा. आत पाणी आणि तपकिरी पूड असेल तर खाली गंज शिल्लक होता. आत चकचकीत कोरडा पत्रा असेल तर तेलकटपणा किंवा न धुतलेलं गंज-कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) कारणीभूत आहे.

रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त आहे, पण त्यातून ओल आत जाते. तो मारून गाडी पावसाळाभर तशीच उभी ठेवली तर खालचा पत्रा गंजतो. उघड्या पत्र्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारा, त्यावर जोडांना सिलंट लावा आणि मगच पुढचे थर द्या. शेवटचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र घरच्या बंद शेडमध्ये मारू नये. त्यातल्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतो आणि धुळीचा साधा मास्क त्याला अडवत नाही. त्यासाठी पेंट बूथ भाड्याने घ्या, खर्च झाला तरी चालेल.

तळाला डांबरासारखं काळं कोटिंग गंजावरच मारलं जातं, तेही थांबवा. कोटिंग आणि पत्र्याच्या मध्ये पाणी अडकतं आणि सगळं कुजेपर्यंत वरून काळं कुळकुळीत दिसतं. पोकळ भागांत, पायदानांत, दारांच्या तळाशी रंगानंतर कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारा आणि पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना ते पुन्हा बघा.

कागदपत्रं नंतर बघू म्हणणं

चासी नंबर कुठे ठोकलाय ते गाडी घेण्याआधीच शोधा आणि आरसी बुकाशी ताडून पाहा. त्या जागेवर ग्राइंडर किंवा ब्लास्टिंग जाऊ देऊ नका. आधी फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, मग ती जागा झाका. नंबर पुसला गेला तर आरटीओत गाडीची ओळख पटवणं फार अवघड होतं.

जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज नोंदणी मिळेलच, हाही गैरसमज आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण हवीत आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला अशी गाडी रस्त्यावर काढता येत नाही. शिवाय हा नियम खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहे. तुमची मॅटॅडोर मालवाहू किंवा जास्त सीटची म्हणून नोंदलेली असेल तर खर्च करण्याआधी आरटीओत विचारून या.

इंजिन आणि ब्रेक

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर मारू नका. इंजेक्टर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन-तीन दिवस थांबा आणि मग पान्याने पुली हाताने फिरवून पाहा. अडलं तर जोर करू नका. पुढे-मागे हलकेच हलवत राहा. जुनं डिझेल काढून टाका, फिल्टर बदला.

गाडीखाली शिरताना जॅकवर किंवा विटांवर विसंबू नका. वीट इशारा न देता फुटते. वजनाला साजेशा घोड्या (जॅक स्टँड) लावा, त्याही पक्क्या काँक्रीटवर.

ब्रेकचे जुने लायनर झटकताना हवेचा फवारा मारू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा. लोखंडी ब्रेक पाइप बाहेरून ठीक दिसले तरी आतून गंजलेले असतात, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. पाइप, होज आणि सिलिंडरची सगळी रबरं एकदमच बदला. सुटे भाग नाना पेठेत शोधा. तिथे नाही मिळाले तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, पण ब्रेकचं रबर जुन्या बाजारातून घेऊ नका. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. दहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी फक्त शेडमध्ये गाडी ढकलण्यापुरता ठेवा.