हेडर घेण्याआधी सिलिंडर हेडचे टोक चाचपून पाहावे

१९६७ ते १९७२ या काळातील शेव्हरले सी-१० पिकअपच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनासाठी हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पातळ नळ्यांचा संच, विकत आणल्यानंतर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) ब्रॅकेट कशावर बसवायचा, हा प्रश्न पैसे खर्च झाल्यावरच पुढे येतो.

म्हणून खरेदीपूर्वी सिलिंडर हेडच्या, म्हणजे सिलिंडरवर झाकणासारख्या बसणाऱ्या भागाच्या, टोकाला बोल्टसाठी आट्यांची भोके आहेत का, ते बोटाने चाचपून पाहावे. १९६९ पूर्वीच्या हेडना ती नसतात; तेथे ब्रॅकेटला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचाच (धूर बाहेर नेणाऱ्या जाड ओतीव भागाचाच) आधार असतो आणि पातळ नळ्यांचे हेडर तो आधार देऊ शकत नाही. अशा गाडीला मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे वळलेले, 'रॅम्स हॉर्न' नावाने ओळखले जाणारे ओतीव मॅनिफोल्ड घ्यावे. त्यात दोन इंची आणि अडीच इंची तोंडाचे प्रकार मिळतात. अडीच इंची निवडावे. रोजच्या वापरासाठी मला तेच मनापासून योग्य वाटते, कारण त्याचा आवाज कमी असतो आणि गॅस्केटही क्वचितच गळते.

जुने मॅनिफोल्ड असल्यास त्याच्या बसणाऱ्या पृष्ठभागावर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का, ते तपासावे आणि वाकलेले असेल तर मशीनवर सपाट करून घ्यावे.

हेडरच हवे असल्यास डावीकडे स्टिअरिंग बॉक्स व क्लचचे लिंकेज आणि उजवीकडे स्टार्टर यांच्याभोवतीची मोकळी जागा आधी मोजावी. बसवल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावू नये.