न बघता मराठी टायपिंग कसं शिकावं: शाळेत आणि घरी

मालवणकडच्या आमच्या शाळेत संगणकाचा तास आठवड्यातून एकदाच. एका संगणकावर दोन मुलं, आणि पावसाळ्यात वीज गेली की तोही तास बुडतो. "गुरुजी, बघल्याशिवाय अक्षरां कशी गावतली?" हा पहिल्या दिवशीचा ठरलेला प्रश्न. गावतात, म्हणजे सापडतात, पण त्यासाठी शाळेतल्या एका तासाला घरच्या रोजच्या पंधरा मिनिटांची जोड लागते.

आधी कळफलक, म्हणजे कोणत्या बटणावर कोणतं अक्षर ही मांडणी, ठरवा. मराठीसाठी इन्स्क्रिप्टच घ्या. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात तो आहे. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडा. यादीत 'मराठी फोनेटिक' दिसला तर तो सोडून साधा 'मराठी' निवडा. विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्यांना पहिले आठ दिवस हे जड जातं. जाऊ द्या.

बसणं. पाठ ताठ, कोपरं टेबलाच्या उंचीला. लहान मुलांचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.

बोटांची जागा. मधल्या ओळीत दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो: डावीकडे 'ि', उजवीकडे 'र'. दोन्ही तर्जन्या तिथे टेकवा. मग डावी चार बोटं करंगळीपासून ो, े, ्, ि वर येतात आणि उजवी चार तर्जनीपासून र, क, त, च वर. 'ु' आणि 'प' साठी तर्जनी आत सरकते, 'ट' साठी उजवी करंगळी बाहेर. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, म्हणून दोन्ही हात आळीपाळीने चालतात.

पहिला आठवडा याच ओळीवर काढा. 'रोप', 'चिरे', 'चिकट', 'पोर चिरे रचते' एवढं सगळं याच बटणांत बसतं. 'चिरे' लिहिताना आधी च, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी च च्या आधी दिसते, पण टायप करायचं ते उच्चाराच्या क्रमाने. जुन्या टाइपरायटरवर शिकलेले इथे हमखास अडखळतात.

मग शिफ्ट. क चा ख, त चा थ, प चा फ, ग चा घ. शिफ्ट नेहमी दुसऱ्या हाताच्या करंगळीने. मात्र ण, ळ, श यांचा हिशेब वेगळा: ण म च्या बटणावर, ळ ल च्या, श स च्या. 'फणस', 'नारळ', 'शहाळं' रोज लिहिलं की ही तिढ्याची अक्षरं आपोआप बसतात.

शाळेत जोडीचा फायदा घ्या. एकाने लिहायचं, दुसऱ्याने त्याच्या हातांवर वही आडवी धरायची आणि नजर खाली गेली की टोकायचं. मुलांना हे टोकणं फार आवडतं. बॅकस्पेसला पहिला महिना बंदी. चूक राहू दे, शेवटी मोजू.

घरी संगणक नसेल तर जुना कीबोर्ड ओटीजी केबलने मोबाइलला जोडा. निदान इंग्रजीचा सराव होतो. तेही नसेल, किंवा वीज गेली असेल, तर पुठ्ठ्यावर मूळ मापाची बटणं आखा. डोळे मिटून, अक्षर मोठ्याने म्हणत बोटं चालवा. पडदा नसल्यामुळे चूक दिसत नाही, एवढीच खोट. आपल्याकडची खारी दमट हवा बटणांना बाधते, म्हणून काम झालं की कीबोर्डवर सुती कापड टाका. प्लास्टिकच्या आवरणात ओल कोंडते.

वेग शेवटी. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्द लागतात हे ऐकून पालक पहिल्या आठवड्यातच घड्याळ लावून बसतात. नका लावू. शंभरात चारपेक्षा जास्त शब्द चुकत असतील तर वेग मोजण्यात अर्थ नाही, असा माझा नियम.

जोडाक्षरांत डाव्या मधल्या बोटाखालचं '्' चं, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं, बटण सगळं काम करतं. फक्त 'किनाऱ्यावर' लिहिताना नेहमीचा र घेतलात तर त्याचा रफार होऊन 'किनार्यावर' असं चुकीचं उमटतं. तिथे शिफ्ट धरून र दाबा, मग ्, मग य. 'वाऱ्यावर', 'दऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द दहा-दहा वेळा लिहून बघा.