डहाणूच्या महालक्ष्मीला जाताय? मग गडावर पण जा, आणि असं जा

मुंबई-अहमदाबाद हायवेने गुजरातकडे जाताना चारोटी नाका सोडला की थोड्याच वेळात विवळवेढे येतं, रोडला लागूनच महालक्ष्मीचं मोठं मंदिर आहे, लोक गाडी लावतात, नारळ-ओटी करतात आणि पंधरा मिनिटात परत हायवेला. दर्शन झालं, चांगलंच आहे, पण देवीचं मूळ ठिकाण वर डोंगरावर आहे, हायवेवरून जो सुळका दिसतो ना तिकडे. खालच्या मंदिराची गोष्ट अशी सांगतात की एक गरोदर बाई दर्शनाला गड चढत होती, वाटेत चक्कर येऊन पडली, तेव्हा देवी म्हणाली तू आता वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून खालचं ठाणं. ज्यांना चढणं जमत नाही त्यांनी मनात काही न ठेवता खालीच दर्शन घ्या, ही सोय देवीनेच केलीय असंच इथले लोक मानतात. पण पाय धड असतील तर गड चुकवू नका.

ट्रेनने येणार असाल तर पश्चिम रेल्वेचं डहाणू रोड स्टेशन. 2013 पासून चर्चगेटवरून इथपर्यंत लोकल आहे, त्यामुळे मुंबईवाल्यांना सोपं झालंय. स्टेशनबाहेरून एसटी किंवा शेअर रिक्षा-जीपने चारोटी, कासा बाजूला यायचं. गडाला जायचा रस्ता वेगळा आहे, फक्त मॅपवर भरवसा ठेवू नका, खालच्या मंदिराजवळ फुलवाल्यांना विचारा, नीट सांगतात. पायथ्यापासून पायऱ्या आहेत. सकाळी लवकर चढा, चैत्रात हा भाग घामाने पिळून काढतो, पाणी भरपूर घ्या. पावसाळ्यात हिरवंगार असतं पण दगड शेवाळतात म्हणून पकड असलेले बूट पाहिजेतच.

आता कधी जायचं. शांत दर्शन हवं असेल तर जत्रेचे दिवस आणि नवरात्र सोडून कुठलाही साधा वार. पण ही देवी कोणाची आहे ते समजून घ्यायचं असेल तर जत्रेलाच जा. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला जत्रा सुरू होते आणि साधारण पंधरा दिवस चालते. वारली, मल्हार कोळी, कोकणा, दुबळा, कातकरी असे सगळे आदिवासी समाज कुटुंबासकट येतात, गुजरातच्या बाजूने पण येतात. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ध्वज. पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडी गावच्या सातवी घराण्यातला पुजारी ध्वज घेऊन अंधारात तो अवघड सुळका चढतो आणि वर लावतो, हा मान मल्हार कोळी समाजातल्या या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, आणि ध्वज येतो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून, जे स्वतः महादेव कोळी. म्हणजे राजा आदिवासी, ध्वज लावणारा आदिवासी, जत्रा भरवणारे पण बहुतेक आदिवासीच. हे माहीत असलं की आपण तिथे पाहुणे आहोत हे आपोआप लक्षात येतं. त्या ध्वजाच्या जागेवर चढायचा हट्ट मात्र अजिबात करू नका, एक तर जीवावरचं काम आहे आणि दुसरं म्हणजे तो मान आपला नाही.

जत्रेत पाळणे-मिठाई आहेच, पण मला बघण्यासारखा वाटतो तो बाजार. सुकी मासळी, मसाले, मडकी, टोपल्या, शेतीची अवजारं, लोक पावसाळ्याची बेगमी इथून करतात. बांबूच्या वस्तू घ्या आणि शंभर रुपयांच्या टोपलीत वीस कमी करायला घासाघीस करू नका प्लीज, विणायला किती वेळ जातो ते एकदा विचारून बघा. कोणाच्या अंगात वारं आलं तर मोबाईल खिशात ठेवा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारायचं, बायकांचे आणि भगतांचे तर विचारल्याशिवाय नाहीच.

गर्दी नको पण परंपरा बघायचीय असं असेल तर भाद्रपदातली पितृबारस बघा. शेतात नवीन आलेलं भात, काकडी असं काय काय आधी देवीला आणतात आणि मगच घरी खातात. वारल्यांमध्ये धान्यालाच देवी मानतात, कणसरी म्हणतात तिला, त्यामुळे हे नवं पीक देवीसमोर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते आपल्या पेढ्याच्या पुड्याने येत नाही. त्या दिवशी गेलात तर रांगेत घाई करू नका, त्यांना पुढे जाऊ द्या.

वेळ उरला तर डहाणू तालुक्यातच गंजाड गाव आहे, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांचं, 2011 ला पद्मश्री मिळाली होती त्यांना, 2018 ला गेले. चित्रं घ्यायची असतील तर थेट कलाकाराकडून घ्या, हायवेवरच्या दुकानातून नको. आणि परतताना चिकू, डहाणू-घोलवडचा चिकू, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, रस्त्यावर टोपल्या घेऊन बसलेल्या मावशींकडूनच घ्या, थोडे कडक बघून घेतले की घरी पोचेपर्यंत पिकतात.